न दिसणारा आजार आणि मदतीची हाक

ज्या मुलाच्या हाताला प्लॅस्टर बांधलेले असते त्याचे दप्तर उचलण्यासाठी वर्गातील चार मुले आपण होऊन पुढे येतात. ज्याला अंगात ताप आहे त्याच्या कपाळाला हात लावून शिक्षक त्यास घरी पाठवितात. अशा मुलास मदत मागावी लागत नाही. त्याचा आजारच त्याच्या वतीने बोलतो. परंतु काही आजार असे असतात की ते वर्षानुवर्षे मुलाच्या सोबत राहतात आणि तरीही वरून पाहणाऱ्यास त्यांची खूण दिसत नाही. मूल चारचौघांसारखे खेळते, हसते, डबा खाते. आणि एखाद्या दिवशी त्यास जेव्हा मदतीची गरज पडते तेव्हा ती त्यास स्वतःच्या तोंडाने मागावी लागते. हे मागणे लहान मुलास किती अवघड जाते, आणि शाळेने ते कसे सोपे करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. उदाहरणादाखल अपस्मार हा आजार घेतला आहे. कारण त्याच्याविषयी गैरसमज फार आहेत, त्यावर उपचार उपलब्ध आहेत, आणि त्याची पहिली चिन्हे पुष्कळदा वर्गातच दृष्टीस पडतात.

चौथीच्या वर्गातील एक प्रसंग

भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेस उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा, राई व मोर्वा ही जुनी गावे आहेत. एका बाजूस खाडी, आसपास मिठागरे, गावात तलाव, आणि वस्तीत आगरी समाजाची जुनी घरे, असे या परिसराचे पूर्वापार रूप आहे. मीरा-भाईंदर येथे १९८५ साली नगरपरिषद आणि २००२ साली महानगरपालिका झाली. पुढे शहर वाढत गेले आणि मुर्धाही महानगरपालिकेच्या हद्दीत आले. तरी कोणाच्या घरी काय चालले आहे हे सर्वांस ठाऊक असण्याची गावाची रीत अशा ठिकाणी सहसा मोडत नाही. तेथे जे घडू शकते ते मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवरही घडू शकते.

अशा एखाद्या गावातील चौथीचा वर्ग डोळ्यांसमोर आणावा. एक मुलगी उभी राहून धडा वाचत आहे. वाक्याच्या मध्यावर ती एकाएकी थांबते. नजर समोर खिळलेली, पापण्या किंचित फडफडत आहेत. आठ-दहा सेकंद जातात. "लक्ष कुठे आहे तुझे?" असे बाई विचारतात. मुले हसतात. तेवढ्यात मुलगी भानावर येते, पण कोणती ओळ वाचावयाची ते तिला सापडत नाही. तिची शुद्धलेखनाची वही पाहिली तर तिच्यात एक चमत्कारिक गोष्ट आढळते: अक्षर चांगले आहे, जोडाक्षरेही बरोबर आहेत, परंतु मधलेच दोन-तीन शब्द गळलेले आहेत. शेरा मात्र "निष्काळजीपणा" असा पडलेला असतो.

ही मुलगी निष्काळजी नाही. त्या आठ-दहा सेकंदांत ती वर्गात नव्हतीच. हा अपस्माराचाच एक प्रकार असू शकतो. तिला स्वतःला तो आजार आहे हे ठाऊक नाही, म्हणून ती मदत मागू शकत नाही. आणि वरून काही दिसत नाही, म्हणून कोणी ती देऊ करीत नाही.

आजाराचे स्वरूप

मेंदूतील पेशी अत्यंत सूक्ष्म विद्युत्‌संदेशांच्या साह्याने एकमेकींशी व्यवहार करीत असतात. काही कारणाने पुष्कळ पेशी एकाच वेळी अनियंत्रितपणे संदेश सोडू लागल्या म्हणजे शरीराला झटका येतो. कोणतेही तात्कालिक कारण नसताना असे झटके पुन्हा पुन्हा येऊ लागले तर त्या स्थितीस अपस्मार म्हणतात. बोलीभाषेत यास फेफरे, मिरगी, आकडी अथवा फिट अशी नावे आहेत. लहान बालकास भर तापात एखादी आकडी आली म्हणजे त्यास अपस्मार जडला असे मात्र समजू नये. ती बहुधा निराळी गोष्ट असते.

हा आजार मनुष्यास फार प्राचीन काळापासून परिचित आहे. चरकसंहितेत अपस्माराचे वर्णन आहे. ग्रीसमध्ये इसवी सनापूर्वी सुमारे ४०० वर्षे हिपोक्रेटिसच्या परंपरेतील एका ग्रंथात, या आजारात दैवी असे काही नसून त्याचे मूळ मेंदूत आहे असे सांगितले गेले. त्याचा प्रत्यक्ष पुरावा हाती येण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले. १९२४ साली जर्मनीत हान्स बर्गर यांनी मनुष्याच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींची पहिली नोंद केली व १९२९ साली ती प्रसिद्ध केली. आज ईईजी या नावाने सर्वत्र परिचित असलेली तपासणी तीच होय. १९१२ साली फिनोबार्बिटोन व १९३८ साली फेनिटॉइन ही औषधे अपस्मारावर उपयोगी असल्याचे दिसून आले. स्वस्त असलेली ही औषधे आजही वापरात आहेत, आणि त्यांच्या जोडीस नवी औषधेही आली आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. योग्य निदान होऊन औषध नियमित मिळाले तर त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांवाचून जगू शकतील, असे तीच संघटना सांगते. म्हणजेच हा बहुतांशी आटोक्यात येणारा आजार आहे. तो अंगात आल्याने होत नाही, बाहेरच्या बाधेने होत नाही, आणि शेजारी बसल्याने अथवा एका ताटात जेवल्याने एकाचा दुसऱ्यास लागत नाही. जन्माच्या वेळी मेंदूस झालेली इजा, डोक्यास लागलेला मार, मेंदूज्वर ही त्याची काही कारणे होत. पुष्कळ रुग्णांत नेमके कारण सापडतही नाही. आपल्या देशात आणखी एक कारण आढळते. डुकराच्या मांसातून माणसाच्या आतड्यात शिरणाऱ्या एका पट्टकृमीची अंडी त्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. अस्वच्छ हात, दूषित पाणी व न धुतलेला भाजीपाला यांच्या वाटे ती शाकाहारी मनुष्याच्याही पोटात जाऊ शकतात, आणि त्यांतून निघालेले कृमी मेंदूत जाऊन बसतात. शालेय पोषण आहारापूर्वी साबणाने हात धुण्याचा जो नियम शाळेत पाळला जातो त्याचा हाही एक लाभ आहे.

वर्गात आढळणारी चिन्हे

झटका म्हणजे जमिनीवर पडून हातपाय झाडणे, एवढीच सर्वसाधारण समजूत असते. त्या प्रकारात मूल एकाएकी ओरडते, ताठ होऊन पडते, हातपाय झटकू लागते, तोंडास फेस येतो. कधी जीभ चावली जाते, कधी कपड्यांत लघवी होते. एक ते तीन मिनिटांत झटका थांबतो व मूल गाढ झोपी जाते. हा प्रकार सर्वांस दिसतो. परंतु शिक्षकांनी पुढील दोन प्रकार विशेष ओळखावयास शिकावे.

पहिला प्रकार वर वर्णिलेल्या मुलीचा. तो बहुधा चार ते बारा वर्षांच्या मुलांत आढळतो. मूल काही सेकंद थिजल्यासारखे होते व लगेच पूर्ववत वागू लागते. दिवसातून असे अनेक वेळा होऊ शकते. स्वप्नात रमलेले मूल आणि असा झटका आलेले मूल यांतील भेद ओळखण्याची साधी रीत अशी: रमलेल्या मुलाच्या खांद्यास हलकेच हात लावला वा त्यास नावाने हाक मारली की ते लगेच वळून पाहते, झटक्यातील मूल हाकेने अथवा स्पर्शाने जागे होत नाही. शिवाय झटका बोलण्याच्या, लिहिण्याच्या, खाण्याच्याही मध्यावर येतो. दिवास्वप्न असे घास हातात धरून सहसा येत नाही.

दुसऱ्या प्रकारात मूल उभे असते, डोळे उघडे असतात, पण ते शुद्धीवर नसते. ओठ चावल्यासारखे करते, सदऱ्याची बटणे चाचपते, कधी वर्गातून उठून चालू लागते. काय करतोस असे विचारले तर उत्तर देत नाही अथवा असंबद्ध देते. एक-दोन मिनिटांनी भानावर आल्यावर त्यास यांतले काही आठवत नाही. अशा मुलास "उद्धट" ठरवून शिक्षा झाली तर आपण काय केले हेच त्यास कळत नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहेच. परंतु कायदा बाजूस ठेवला तरी आजारास शिक्षा करणे न्यायास धरून नाही.

ही चिन्हे दिसली म्हणून शिक्षकाने निदान करू नये. ते काम डॉक्टरांचे आहे. शिक्षकाने दिनांक, वेळ, काय घडले व किती वेळ टिकले, याची नोंद दोन-तीन आठवडे एका वहीत ठेवावी. झटका डॉक्टरांसमोर क्वचितच येतो; म्हणून अशी चार ओळींची नोंद त्यांस फार मोलाची वाटते.

मदत मागणे अवघड का जाते

निदान झाले, औषध सुरू झाले, तरी मूल व त्याचे घर गप्प राहते असा अनुभव येतो. त्याची कारणे समजून घेतल्याशिवाय शिक्षकास काही करता येणार नाही.

पहिले कारण लोकलज्जेचे. विशेषतः मुलीच्या बाबतीत आई बाईंना एकीकडे घेऊन म्हणते, "बाई, हे कुणाला सांगू नका, पोरीचं लगीन व्हायचं आहे." या भीतीस केवळ अज्ञान म्हणून भागणार नाही. १९७६ साली हिंदु विवाह कायद्यात जी दुरुस्ती झाली तीत अपस्माराचे वारंवार येणारे झटके हे वेडाच्या झटक्यांबरोबरीने विवाहास बाधक धरले गेले होते. १९९९ च्या दुरुस्तीने अपस्माराचा उल्लेख काढून टाकण्यात आला. कायद्याच्या पानावरून तो शब्द गेला. परंतु ज्या पिढीने तो ऐकला तिच्या मनातून तो इतक्या लवकर जाणे कठीण आहे. अशा आईस उपदेश करण्यापूर्वी कायदा बदलला आहे हे तिला सांगणे अधिक उपयोगाचे होईल.

दुसरे कारण विश्वासाचे. ज्याचा आजार दिसत नाही त्याच्यावर सोंगाचा संशय घेतला जातो. सकाळी लंगडी खेळलेली मुलगी दुपारी "मला पडून राहावेसे वाटते" म्हणाली तर ऐकणाऱ्यास ते खरे वाटत नाही. एकदा असा संशय वाट्यास आला की मूल पुन्हा मागत नाही; सोसत बसते.

तिसरे कारण शब्दांचे. आपणांस काय होते हे सांगण्यास मुलाजवळ शब्दच नसतात. "कसेतरी होते" एवढेच ते म्हणते, आणि त्यावरून काय करावे हे ऐकणाऱ्यासही उमगत नाही.

चौथे कारण अतिकाळजीचे. आजार सांगितला की खेळ बंद, सहल बंद, स्नेहसंमेलनातील भूमिका बंद, असे मुलास दिसून येते. सांगितल्याचे फळ जर शिक्षेसारखेच असेल तर शहाणे मूल सांगणारच नाही.

न सांगण्याची किंमत मात्र मोठी असते. दुपारची गोळी शाळेत घ्यावयाची असेल तर ती लपवून घेतली जाते अथवा चुकते. आणि गोळी चुकणे हे झटका येण्याच्या कारणांतील एक प्रमुख कारण आहे. तलावावर पोहावयास निघालेल्या सोबत्यांस मूल काही सांगत नाही. पाण्यात आलेला अल्पसा झटकाही जिवावर बेततो. खाडी, तलाव व विहिरी जवळ असलेल्या गावांत हे विशेष ध्यानात ठेवावयास हवे.

मागण्यास शिकविणे

मदत मागणे ही शिकविता येण्याजोगी गोष्ट आहे. पत्र कसे लिहावे, पाहुण्यांशी कसे बोलावे हे शाळा शिकविते, तसेच हेही शिकवावे. त्यासाठी मुलास तीन गोष्टी याव्यात: आपल्या आजाराचे नाव, त्यात काय होते, आणि समोरच्याने नेमके काय करावे. पुढीलसारखी लहान वाक्ये पालकांच्या समक्ष मुलाकडून दोन-चार वेळा म्हणवून घ्यावीत.

"मला फिट येते. आली तर मला कुशीवर वळवा आणि बाईंना बोलवा."

"बाई, माझे मधले शब्द सुटले. पुन्हा सांगाल का?"

"गुरुजी, रात्री झोप झाली नाही. आज मी धावत नाही. गुण मांडायला बसतो."

"मी पाण्यात उतरणार आहे. तू काठावर थांबशील का?"

यांतील प्रत्येक वाक्यात मागणी स्पष्ट आहे, आणि ती पुरी करणे ऐकणाऱ्याच्या आवाक्यातील आहे. तिसऱ्या वाक्यात मुलाने स्वतःसाठी दुसरे काम सुचविले आहे, हेही पाहण्यासारखे आहे. मदत मागणारा निरुपयोगी ठरत नाही, हे त्यास अशा रीतीने आपोआप कळते.

सर्वांसमक्ष बोलावयास लाजणाऱ्या मुलाशी शिक्षकाने एक खूण ठरवावी. बाकावर वही उभी ठेवणे अथवा विशिष्ट रंगाचा कागद पुढे करणे, एवढी खूण पुरते. काहींना मोठा झटका येण्यापूर्वी पोटात कालवल्यासारखे, एखादा वास आल्यासारखे वा अकारण भय वाटल्यासारखे होते. त्या काही क्षणांत वाक्य सुचत नाही, खूण करता येते.

मागणी आली असता शिक्षकाने चार गोष्टी पाळाव्यात. एक, ती तत्काळ ऐकावी. दोन, त्या क्षणी पुरावा मागू नये. तीन, मुलाचे नाव घेऊन वर्गात चर्चा करू नये. चार, जेवढे मागितले तेवढे करावे. त्याहून अधिक बंधने घालू नयेत. एखादे मूल सवलतीचा गैरफायदा घेईल, ही शंका शिक्षकाच्या मनात येणे साहजिक आहे. तिचा हिशेब असा मांडावा: सोंगावर विश्वास ठेवला तर पाच-दहा मिनिटे वाया जातील; खऱ्या आजारावर अविश्वास दाखविला तर ते मूल पुढे कित्येक वर्षे कोणापाशीही तोंड उघडणार नाही. वारंवार शंका येत असेल तर पालकांशी व डॉक्टरांशी स्वतंत्रपणे बोलावे. मुलाची उलटतपासणी वर्गात करू नये.

झटका आला असता

मोठा झटका आलेल्या मुलास मागणी करता येत नाही. त्या वेळी काय करावे हे शाळेतील प्रत्येकास आधीच ठाऊक असले पाहिजे.

१. घड्याळात वेळ पाहावी. स्वतः शांत राहावे व गर्दी दूर करावी.

२. डोक्याखाली घडी केलेले कापड वा दप्तर ठेवावे. टोकदार वस्तू, बाके, दगड बाजूस करावेत. गळ्याजवळचे बटण सैल करावे, चष्मा काढावा.

३. हातपाय दाबून धरू नयेत. झटका जोराने थांबविता येत नाही. उलट इजा होते.

४. तोंडात चमचा, रुमाल, बोट, काहीही घालू नये. पाणी पाजू नये.

५. कांदा वा चप्पल हुंगविणे, हातात किल्ली वा लोखंड देणे, हे उपाय निरुपयोगी आहेत. झटका बहुधा आपोआपच थांबतो आणि श्रेय कांद्यास मिळते. यात जाणारा वेळ मुलास सुरक्षित ठेवण्यास लावावा.

६. झटके थांबताच, अथवा शक्य असेल तर त्याआधीच, मुलास कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ बाहेर पडून श्वास मोकळा राहील. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत कोणीतरी जवळ बसावे.

७. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, शुद्धीवर न येताच दुसरा आला, इजा झाली, श्वास नीट चालेना, पाण्यात झटका आला, अथवा त्या मुलाचा हा पहिलाच झटका असला, तर १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका मागवावी. डॉक्टरांनी लेखी सूचना देऊन एखादे तातडीचे औषध शाळेत ठेवावयास सांगितले असेल तर त्या सूचनेप्रमाणेच ते वापरावे.

मूल जागे झाल्यावर त्याचे कपडे ओले असतील तर ते बदलण्याची सोय मुलांच्या नजरेआड करावी. पुष्कळ मुलांस झटक्यापेक्षा त्यानंतरच्या हशाचेच भय अधिक वाटते. एकशिक्षकी वा दोनशिक्षकी शाळेत कोणत्या मोठ्या मुलाने कोणास बोलवावयास धावावे, हे वर्षाच्या आरंभीच ठरवून ठेवावे.

हा पाठ संपूर्ण वर्गास द्यावा; मात्र तो कोणा एका मुलाकडे बोट दाखवून देऊ नये. १७ नोव्हेंबर हा भारतात राष्ट्रीय अपस्मार दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने आरोग्याच्या तासास सर्वच मुलांनी एकमेकांस कुशीवर वळविण्याचा सराव केला, तर ज्यास आजार आहे त्याचे नाव न घेता त्याच्या भोवती तीस मदतनीस तयार होतात.

पालकांशी बोलणे

पालकांस शाळेत बोलावून सर्वांसमक्ष सांगण्यापेक्षा शिक्षकाने सवडीने घरी जावे. प्रथम मुलाचे चांगले सांगावे, मग वहीतील नोंदी वाचून दाखवाव्यात, आणि "डॉक्टरांस एकदा दाखवू या" एवढेच म्हणावे. रोगाचे नाव आपण होऊन उच्चारू नये. घरच्यांनी देवऋषाकडे नेले असेल तर त्यांचा उपहास करू नये. उपहास झाला की दार बंद होते. देवास नवस बोला, पण गोळी चुकवू नका, अशा बोलण्याने पुष्कळ घरांत काम होते. औषध एकाएकी बंद करणे धोक्याचे आहे, हे मात्र निक्षून सांगावे. झटके थांबले तरी साधारणपणे दोन वर्षे वा अधिक काळ औषध चालू ठेवून नंतर डॉक्टरच ते हळूहळू कमी करतात. जागरणाने झटका येऊ शकतो. म्हणून गणपती-नवरात्रात मुलास वेळेवर झोपवावे. न्हाणीघराची कडी आतून लावू देऊ नये. चुलीजवळ व विहिरीवर एकट्यास पाठवू नये. बाकी शाळा, खेळ, अभ्यास हे सर्व चालू ठेवावे.

तपासणीची सोय कोठे होईल हेही शिक्षकास सांगता आले पाहिजे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला; पालघर त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच होते. या कार्यक्रमात शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी होते, आणि त्यात पाहावयाच्या स्थितींत झटक्यांचे विकारही समाविष्ट आहेत. तपासणीचे पथक येईल त्या दिवशी ते मूल हजर राहील अशी व्यवस्था करावी व आपली नोंदवही पथकास दाखवावी. मुर्ध्याच्या पालकांस भाईंदर पश्चिमेचे पंडित भीमसेन जोशी रुग्णालय जवळ आहे. अन्यत्र प्राथमिक आरोग्य केंद्र व तेथून जिल्हा रुग्णालय, हा मार्ग आहे.

आपण एकटेच आहोत ही भावना रुग्णास व घरास सर्वांत अधिक खचविते. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी २००४ साली अपस्मार असलेल्यांसाठी 'संवेदना' हा स्वमदत गट सुरू केला. हा आजार त्यांनी स्वतः अनुभवलेला होता. अशा गटात रुग्ण व पालक एकत्र बसून आपले अनुभव बोलतात; विवाहासारखा नाजूक प्रश्नही तेथे लपवाछपवीवाचून हाताळला जातो. तिकडे कॅनडात २००८ साली कॅसिडी मेगन नावाच्या नऊ वर्षांच्या अपस्मार असलेल्या मुलीने, आपल्यासारख्यांस एकटे वाटू नये म्हणून २६ मार्च रोजी जांभळा रंग धारण करण्याची कल्पना मांडली. आज तो दिवस अनेक देशांत पाळला जातो. तिसरी-चौथीच्या वयाच्या मुलीस असे बोलता आले, कारण तिचे ऐकणारी माणसे तिला मिळाली.

इतर न दिसणारे आजार

जे अपस्माराविषयी सांगितले तेच इतर काही आजारांस लागू आहे. मधुमेह असलेल्या मुलाच्या रक्तातील साखर घसरली म्हणजे त्यास कापरे भरते, घाम सुटतो, बोलणे बरळल्यासारखे होते. शुद्धीवर असेल तर त्यास तत्काळ साखर वा गूळ द्यावयाचा असतो. त्यास वरचेवर पाणी पिण्याची व लघवीस जाण्याची मुभा लागते. १९२२ साली टोरांटोत चौदा वर्षांच्या एका मुलास प्रथम इन्सुलिन दिले गेले, तेव्हापासून अशी मुले जगू लागली. परंतु "तास संपेपर्यंत थांब" हे वाक्य त्यांस आजही ऐकावे लागते. सिकलसेलच्या मुलास थंडीने, श्रमाने वा पाणी कमी प्याल्याने असह्य वेदना सुरू होतात. नंदुरबार, पालघर, गडचिरोली या भागांतील शिक्षकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. दमा, संधिवातज हृदयविकार यांतही मूल बसलेले असताना निरोगीच दिसते. या सर्वांची मागणी लहान असते: पाणी, गूळ, लघवीची परवानगी, घटकाभर विश्रांती.

शिक्षकांतही असे आजार असणारे पुष्कळ असतात. तेही बहुधा लपवितात. "आज माझा दमा वाढला आहे, फळा पुसून देशील का?" असे गुरुजींनी मोकळेपणाने म्हटले, तर मदत मागण्यात कमीपणा नाही हा धडा मुलांस कोणत्याही पुस्तकाविना मिळतो.

समारोप

वर उल्लेखिलेल्या चौथीच्या मुलीकडे पुन्हा वळावे. तिच्या बाईंनी शुद्धलेखनाच्या वहीतील गळलेले शब्द एकदा नीट पाहिले, आठ दिवस नोंद ठेवली, तिच्या घरी जाऊन आल्या, आणि औषध सुरू झाले, तर तिच्या या प्रकारच्या झटक्यांस बहुधा चांगला उतार पडतो. कित्येक मुलांत तो वयाबरोबर पुढे थांबतोही. परंतु तोपर्यंतचे दिवस तिला वर्गातच काढावयाचे आहेत. एखाद्या दुपारी ती हात वर करून म्हणेल, "बाई, माझे मधले शब्द सुटले." तेव्हा न हसता, न रागावता बाईंनी ते शब्द पुन्हा सांगावेत.